बागेतून रानात गेलेली फुले



या वेळच्या अभ्यासपाठाला फुलांचा विषय घेतला आहे. बचत गटाच्या बैठकीत, तरुण मंडळात किंवा ग्रामसभेच्या आधी हा पाठ मोठ्याने वाचून घेतला तरी चालेल. मात्र वाचण्यापूर्वी गटातील वयस्क मंडळींना एक प्रश्न विचारावा : तुमच्या लहानपणी जिथे गुरे चरायला जात, तिथे आज काय उगवते? बहुतेक गावांत उत्तरात एक नाव हमखास येईल. कोकणात आणि ठाणे-पालघरकडे तिला घाणेरी म्हणतात, देशावर टणटणी, विदर्भात रायमुनिया. पाने चुरडली की उग्र वास येतो, खोडाला बारीक काटे असतात, आणि फुलांचे लहानसे गोल गुच्छ पिवळे, केशरी, गुलाबी, लाल अशा रंगांत वर्षातले बरेच महिने फुललेले असतात. मुलांनी तिची काळी-जांभळी पिकलेली फळे खाल्लेली असतात. म्हणून ती आपल्याच रानातली, आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची, असे सर्वांना वाटते. ती तशी नाही.

घाणेरीचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे. सतराव्या शतकात ती युरोपात, विशेषतः हॉलंडच्या बागांमध्ये पोचली. तिथल्या माळ्यांनी तिच्या जातींचे एकमेकींशी संकर करून नवनवे रंग काढले. म्हणजे आज आपल्या डोंगरावर जी आहे, ती रानातून थेट आलेली वनस्पती नसून माळ्यांच्या हातून गेलेली, टिकाऊपणासाठी आणि भरपूर फुलण्यासाठी निवडलेली वनस्पती आहे. आपल्या देशात ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावली गेली. पुढे साहेबांच्या बंगल्यांभोवती कुंपण म्हणून ती गावोगाव गेली. कुंपण छानच झाले. गुरे खात नाहीत, पाणी घालावे लागत नाही, वर फुलेही मिळतात. याच गुणांमुळे ती कुंपणाबाहेर पडल्यावर कोणाला आवरली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात तिने भारतातले सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगल व्यापल्याचा अंदाज मांडला होता. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाखांच्या थोडे वर आहे. त्याच्या निम्मे धरा.

ती पसरते कशी, हे नीट समजून घेणे जरुरीचे आहे, कारण काढण्याची रीत त्यावरच ठरते. गुच्छ जवळून पाहिला तर मधली फुले पिवळी आणि कडेची लालसर दिसतात. फूल उमलते तेव्हा पिवळे असते. त्यावर फुलपाखरू वा इतर कीटक येऊन गेला की त्याचा रंग बदलतो. पिवळ्यात मध आहे, लाल रिकामे झाले, हे कीटकाला दुरूनच कळते आणि त्याची फेरी वाया जात नाही. मुलांना हे जरूर दाखवावे, त्यांना फार आवडते. पुढे फळे धरतात. बुलबुल आणि इतर पक्षी ती खातात, जवळच्या झाडावर जाऊन बसतात आणि बी खाली टाकतात. म्हणून मोहाच्या, आंब्याच्या, वडाच्या झाडाखाली घाणेरीची रोपे दाट दिसतात. तिसरी गोष्ट मुळाची. वरून कितीही तोडा, जाळा, जमिनीलगतच्या बुंध्यातून ती पुन्हा फुटते, आणि एका फांदीच्या जागी चार येतात. तिच्या दाट सावलीत गवत उगवत नाही; तिच्या पानामुळांतून मातीत उतरणारी द्रव्येही इतर रोपांना वाढू देत नाहीत.

आता हे आपल्या लोकांच्या पोटाशी कसे येते ते पाहू.

पहिला घाव गवतावर. ज्याच्याकडे चार शेळ्या आणि एक बैलजोडी, त्याचे चराऊ रान गेले की गुरे लांब न्यावी लागतात. दुसऱ्याच्या हद्दीत गेली की भांडण होते, आणि शेवटी जनावर विकले जाते. सावकाराच्या कर्जाची कारणे शोधताना आपण लग्न, आजारपण, दारू इथवर येऊन थांबतो. कमी झालेल्या गवताचे नाव त्या यादीत कोणी घालत नाही, मला वाटते घालायला हवे. दुसरा घाव मोहावर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचायला बाया-मुले जातात. झाडाखाली झाडून स्वच्छ केलेली जमीन असेल तर टोपली लवकर भरते. घाणेरी असेल तर निम्मी फुले काट्यांत अडकून राहतात. शिवाय त्या जाळीत रानडुक्कर, अस्वल, बिबट्या दबून बसलेला दिसत नाही. अंधारात वाकून वेचणाऱ्या बाईला हा धोका रोजचा आहे.

तिसरा घाव वणव्याचा. घाणेरीच्या वाळलेल्या काटक्या भराभर पेटतात आणि ती झाडांवर चढलेली असली तर जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत नेते. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्नाटकातील बंडीपूरला लागलेल्या आगीत चार हजारांवर हेक्टर रान जळाले. तिथे वाढलेल्या घाणेरीने त्या आगीला सरपण पुरवले, असे तेव्हा अनेक जाणकारांनी सांगितले. आगीनंतर मोकळ्या झालेल्या उन्हात सर्वांत आधी पुन्हा फुटते तीच.

आगीबद्दल एक वेगळे मतही ऐकून ठेवावे. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिग आदिवासी सांगतात की पूर्वी ते ठरावीक मोसमात पालापाचोळ्याला हलकी आग लावीत. त्यात घाणेरीची कोवळी रोपे मरत आणि मोठ्या झाडांना इजा होत नसे. सरकारने ही पद्धत बंद केली आणि घाणेरी माजली, असे त्यांचे म्हणणे आहे. अभ्यासकांनीही त्यांच्या या म्हणण्याची दखल घेतली आहे. म्हणून उद्या आपण पेटवायला निघावे असे मात्र नाही. जिथे झुडपे आधीच पुरुषभर उंच आहेत, तिथे ती हलकी आग हलकी राहणार नाही, आणि गुन्हा दाखल होईल तो वेगळाच. पण रानाचे ज्ञान कोणाकडे होते, हे यावरून ध्यानात यावे.

जनावरांच्या विषबाधेवर थोडे थांबू, कारण हे गावात लगेच उपयोगी पडते. गावातली मुरलेली गुरे सहसा घाणेरीला तोंड लावत नाहीत. धोका असतो तो दुष्काळात, उन्हाळ्याच्या शेवटी, आणि बाहेरून नवीन आणलेल्या जनावराला. एखाद्या योजनेत लांबच्या बाजारातून शेळ्या किंवा गाय मिळते, ती भुकेली असते, हिरवे दिसले की खाते. घाणेरीच्या पानातील विष यकृतावर परिणाम करते. एक-दोन दिवसांत जनावर चारा सोडते, रवंथ बंद होतो, शेण घट्ट होते किंवा होतच नाही. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या दिसतात, लघवी गडद होते. मग उन्हात उभे राहवत नाही. नाकपुडी, कान, कास आणि पांढऱ्या केसांखालची कातडी लाल होऊन सोलते. लोक याला ऊन लागले समजतात किंवा कोणीतरी करणी केली म्हणतात, आणि भगताकडे दोन दिवस जातात. ते दोन दिवसच जीव घेतात. पोटाची हालचाल थांबल्याने खाल्लेला पाला आतच पडून राहतो आणि विष अंगात भिनत राहते. जनावराला ताबडतोब सावलीत, शक्यतो अंधाऱ्या गोठ्यात बांधावे, पाणी द्यावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. पोटातले विष शोषून घेण्यासाठी डॉक्टर औषधी कोळसा वापरतात. तो चुलीतला कोळसा नव्हे. घाणेरी खाल्ल्याची शंका आहे हे डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे इलाजाला उशीर होत नाही. मुलांनाही हिरवी फळे खाऊ देऊ नयेत.

बागेतून पळालेली फुले आणखीही आहेत. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून तिच्या जांभळ्या फुलांसाठीच बंगालात आणली गेली. पुढे तिने नद्या-तळी इतकी झाकून टाकली की १९३६ मध्ये तिच्यावर वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे गावतळ्यात मासे धरणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. पिवळा-केशरी कॉसमॉस मेक्सिकोचा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो पावसाळ्यानंतर सगळीकडे दिसतो आणि लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. आपली डोंगरातली सोनकी त्याच दिवसांत फुलते, तीही पिवळी, पण बुटकी आणि लहान फुलांची. दोन्ही एकदा शेजारी धरून पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही. कॉसमॉसचे लांब बी कपड्याला चिकटून येते, तेव्हा शाळेच्या सहलीहून आल्यावर कपडे अंगणात झटकू नयेत.

सदाफुली मादागास्करची. ती कोकणात वाळूत, वाटेवर, कबरस्थानात आपोआप येते, पण रान गिळत नाही. तिच्यातील द्रव्यांपासून १९५० च्या दशकापासून कर्करोगावरची औषधे तयार झाली; लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात त्यातले एक औषध आजही वापरतात. इथे एक इशारा द्यावासा वाटतो. साखरेच्या आजारावर रोज सदाफुलीची पाने चावणारे पुष्कळ भेटतात. ज्या झाडातून कर्करोगाच्या पेशी मारणारे औषध निघते, त्याची पाने अंदाजाने खाणे धोक्याचे आहे. दवाखान्याच्या गोळ्या बंद करून तर मुळीच खाऊ नयेत.

बाहेरचे ते सगळे वाईट, असा धडा मात्र कोणी काढू नये. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा आहे. आपल्या डोंगरांवर आपोआप उगवणारे सीताफळही अमेरिकेतून आलेले, आणि कित्येक आदिवासी कुटुंबांना त्याच्या विक्रीतून दिवाळीच्या सुमारास चार पैसे मिळतात. मिरचीशिवाय तर आपली भाकरी घशाखाली उतरत नाही. झाड कुठून आले यापेक्षा ते इथे येऊन काय करते, हे पाहावे. ‘परके’, ‘उपरे’ हे शब्द झाडांवरून माणसांवर फार लवकर घसरतात, म्हणून बैठकीत बोलताना मी ते टाळतो.

काही सभासद इथे निदणाचा दाखला पुढे करतात : कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असे प्रभूने सांगितले ना? त्या दाखल्यात शेत म्हणजे जग आणि निवाडा करायचा तो माणसांचा. घाईने माणसे उपटू नका, एवढे त्यातून घ्यावे. घाणेरीची कापणी होत नसते. तिला वाट दिली तर गव्हालाच जागा उरत नाही.

तर काढायची कशी? कोयत्याने वरवर तोडण्यात मजुरी फुकट जाते, हे वर आलेच. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी रीत रूढ केली आहे. कुदळीने बुंध्याभोवतीची माती सारून मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटे कापायचे, झुडूप उचलायचे आणि उलटे, मुळे वर करून, तिथेच ठेवायचे. मातीत टेकलेल्या फांद्या पुन्हा मूळ धरतात, म्हणून उलटे ठेवणे विसरू नये. सगळी माती खणायची गरज नाही. खणली तर झोपलेले बी वर येते. फळे पिकण्याआधी हे काम करणे चांगले. दोन माणसे जोडीने असावीत, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातात जाड फडके असावे, आणि आधी काठीने झुडूप झोडावे. आत साप असतो.

मोकळी झालेली जागा उघडी ठेवली तर वर्षभरात घाणेरी परत येते. पहिल्या पावसातच तिथे गावातल्या गवताचे बी टाकावे आणि एक-दोन पावसाळे चराई बंद ठेवावी. कोणाची गुरे कुठे जातील हे आधी ठरले नाही तर काम तिथेच मोडते, म्हणून याचा निर्णय कुदळ उचलण्यापूर्वी ग्रामसभेत व्हावा. वनहक्क कायदा २००६ नुसार ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्या ग्रामसभेला आपल्या रानाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे. व्यवस्थापन आराखड्यात घाणेरी काढण्याचे काम नावानिशी घालावे. मग मजुरीसाठी निधी मागायला आधार मिळतो. हक्क अजून मिळाला नसेल तर वनखात्याला लेखी कळवून, पोच घेऊनच हात लावावा. तोंडी परवानगीवर विसंबू नये.

काढलेली घाणेरी कामालाही येते. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरातल्या सोलिग कारागिरांनी तिच्या काठ्या उकळून, साल काढून वेतासारख्या वापरल्या आणि खुर्च्या, टोपल्या केल्या. निलगिरी भागातील आदिवासी कारागिरांनी तिच्या काठ्यांचे खऱ्या आकाराचे हत्ती बनवले. २०२१ मध्ये ते लंडनच्या बागांत मांडले गेले. आपल्याकडे बुरुडकाम जाणणाऱ्यांनी करून पाहण्याजोगे आहे. फक्त हिशेब आधी करावा : गिऱ्हाईक कोण, काठी उकळायला सरपण किती, माल शहरापर्यंत नेणार कोण. टोपल्या विकण्यासाठी घाणेरी राखायची वेळ आली, तर उलटेच होईल.

गटासाठी या तिमाहीचे काम लहान ठेवले आहे. गावाचा एक कच्चा नकाशा जमिनीवर काढावा आणि त्यात चाळीस वर्षांपूर्वीचे गवत, आजची घाणेरी आणि पाणवठे वेगवेगळ्या रंगांच्या दगडांनी मांडावेत. मग मोहाची झाडे मोजावीत आणि ज्यांच्याखाली घाणेरी आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी. एका झाडाखालची जागा साफ करायला दोघांना किती वेळ लागला, हे वहीत लिहून ठेवावे. ग्रामसभेत पैशाचा विषय निघेल तेव्हा तोच आकडा सर्वांत आधी विचारला जातो.