दादाबरोबर खोपोलीला

कर्जतहून खोपोलीला आगगाडीचा एक फाटा जातो. लांबी अवघी १५ किलोमीटर. मध्ये चार स्टेशने आहेत: पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी. वाट एवढीशीच. पण आमचा दादा बरोबर असला म्हणजे ती आम्हांला फार मोठी वाटे, आणि तरी ती संपूच नये असेही वाटे.

आम्ही चार भावंडे. दादा थोरला, आम्ही तिघे धाकटे. घर कर्जतपासून कोसभर आत. दिवाळीत वडिलांना भातकापणीतून सवड नसे. म्हणून खोपोलीच्या आत्याकडे फराळाचा डबा घेऊन दादा जाई आणि आम्हांलाही नेई. ही १९६५ ते १९७० च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आपल्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.

दादाने स्टेशनांचा एक पाठ केला होता. तो तो मोठ्याने म्हणे, सगळा डबा ऐके. "पळसदरीला पळत गाडीत चढायचं. केळवलीला केळं खायचं. डोलवलीला डुलकी काढायची. लौजीला तोंड पुसायचं, कारण खोपोलीला आत्या तपासणार!"

शिवाय त्याचा एक खेळ असे. तो दोन गोष्टी सांगे. एक खरी, एक खोटी. खोटी कोणती ते आम्ही ओळखायचे. चुकलो तर आमच्या वाटचा अर्धा बटाटेवडा त्याचा. कर्जत स्टेशनचा बटाटेवडा म्हणजे काय, ते ज्याने खाल्ला त्याला सांगायला नको. दादाने आमचे किती वडे खाल्ले, त्याला हिशेब नाही.

एकदा तो म्हणाला, "पुण्याची गाडी कर्जतला थांबते ती लोकांना वडे खाता यावेत म्हणून. आणि ही एक गोष्ट: फार पूर्वी मुंबईची गाडी खोपोलीलाच संपायची. पुढं लोक डोंगरावर पालखीत बसून जायचे." आम्ही तिघेही ओरडलो, "पालखी खोटी!" गेले वडे.

पालखी खरी होती. १८५६ साली मुंबईची आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत दुसरी गाडी सुरू झाली. मध्ये बोरघाट तसाच उभा. प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि वर दुसरी गाडी धरत. पाच वर्षे हे असे चालले. १८६३ साली पळसदरीवरून घाटाचा लोहमार्ग झाला. मग खोपोली बाजूला पडली आणि तिची वाट फाटा बनली.

आणि गाडी कर्जतला थांबे ती वड्यांसाठी नव्हे. बोरघाटात ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर चढावे लागते. आगगाडीला हा चढ फार मोठा. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. ती मागून लोटतात. दादा म्हणे, "पुढचं इंजिन म्हणजे बाप. शिट्टी वाजवतो, सगळी ऐट त्याची. मागची म्हणजे आई. तिच्याकडं कोण बघत नाही. पण ती लोटते म्हणून घर वर चढतं." हे ऐकून आमची आई गालात हसे. वडील मात्र नाही हसले.

विजेची गोष्टही आम्ही खोटीच ठरवली होती. "खोपोलीचं पाणी मुंबईच्या गिरण्या चालवतं," असे तो म्हणाला. पाणी गिरणी कशी चालवील? पण तेही खरे. लोणावळ्याकडे वर तलाव आहेत. तेथले पाणी मोठमोठ्या नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली येते. त्या जोराने चाके फिरतात आणि वीज निघते. खोपोलीचे हे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. वीज मुंबईला जाई. पाणी पाताळगंगेला मिळे. दादा म्हणे, "उजेड त्यांना, पाणी आपल्याला. भांडण नको."

एकदा आम्ही नेरळहून माथेरानच्या छोट्या गाडीतही बसलो. ही गाडी १९०७ सालची, तिचे रूळ अवघे दोन फूट रुंद. तिथे दादाने खेळ मांडलाच नाही. खिडकीबाहेर पाहत तो गप्प बसला होता. असे त्याचे क्वचितच होई.

पुढे दादा खोपोलीत कामाला लागला. लग्न झाले, मुले झाली. विडीचा नाद मात्र तरुणपणापासून होता, तो सुटला नाही. २००३ साली त्याचा आवाज बसला तो बसलाच. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले, कर्करोग आहे, आवाजाची पेटी काढावी लागेल.

त्याला नेण्यासाठी आम्ही कर्जतहून लोकल धरली. वहिनी डोळे पुसत होत्या. दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एक खरी, एक खोटी. मला भूक लागली आहे. मला भीती वाटत नाही." आम्ही तिघेही खाली मान घालून बसलो. खोटी कोणती, ते कोणी बोलले नाही. मग धाकट्याने वड्याचा पुडा पुढे केला. कोणी काही न बोलता दादाने सगळ्यांच्या वाटचा वडा खाल्ला.

आपल्या घशात आवाजाची पेटी असते. तिच्यातून श्वास बाहेर येताना आवाज उमटतो. दादाची पेटी काढली आणि श्वासासाठी मानेला पुढून भोक ठेवले. जीव वाचला, बोलणे गेले. महिनाभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. मग एके दिवशी नातीची पाटी ओढून त्याने लिहिले, "आत्या तपासणार!" आम्ही हसलो, रडलोही. पुढे दहा वर्षे दादा पाटीवरच बोलला.

आम्हांला वाचता येत होते. वहिनींना येत नव्हते. दादा लिही, घर हसे, आणि वहिनी विचारीत, "काय लिहिलंय?" कोणीतरी वाचून दाखवी. पण दुसऱ्याने वाचलेली थट्टा शिळ्या भाकरीसारखी लागते. वहिनी उशिरा हसत, तेही आमच्यासाठी.

नात तेव्हा दुसरीत होती. वहिनी तिच्यापाशी बसू लागल्या. अक्षरे त्यांनी स्टेशनांच्या पाट्यांवरून धरली. पळसदरीतला 'ळ' लवकर आला, कारण तोच पुन्हा केळवलीत भेटे. लौजीचा 'लौ' मात्र फार दिवस छळत राहिला. काना, वर दोन मात्रा! वहिनी म्हणत, "एवढ्याशा स्टेशनाला एवढा शिरपेच कशाला?"

२००५ च्या दिवाळीत आम्ही सगळे पुन्हा खोपोलीच्या गाडीत होतो. डोलवलीला वहिनींचा डोळा लागला. दादाने पाटीवर लिहून समोरच्या माणसांना दाखवले, "ही रात्रभर घोरते. मला ओरडता येत नाही, म्हणून हिचे फावते." डबा हसला. वहिनी जाग्या झाल्या. त्यांनी पाटी आपल्याकडे वळवली आणि बोट ठेवून अक्षर अक्षर वाचू लागल्या. बराच वेळ लागला. कोणी मदत केली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पदराने पाटी पुसली, दादाच्या हातची पेन्सिल घेतली आणि मोठ्या वाकड्या अक्षरांत एकच शब्द लिहिला, "खोटं."

दादा हसायला लागला. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. लौजी आले, गाडी थांबली, सुटली, तरी ते हलतच होते.