रुग्णालयातील वीज आणि ढिला स्क्रू

भंडारा-तुमसर रस्त्यावर मोहाडी हे तालुक्याचे गाव आहे. या तालुक्यात एखादे बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मले किंवा वजनाने फार कमी भरले, तर त्याला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागते. अशा बाळाच्या अंगात चरबी थोडी असते. त्याच्या शरीरातील उष्णता भराभर निघून जाते. म्हणून त्याला 'वॉर्मर' या विजेच्या उपकरणाखाली ऊब देतात. तेथे वीज ही औषधाइतकीच मोलाची असते.

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर या रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या विभागात आग लागली. आत १७ बालके होती. त्यांतील ७ वाचली, १० दगावली. दगावलेल्यांपैकी ३ भाजल्यामुळे व ७ धुराने गुदमरून गेली, असे शासनाने सांगितले. वॉर्मरच्या नियंत्रण-फलकातील शॉर्टसर्किटमुळे आग लागली, असे चौकशीत आढळले.

शॉर्टसर्किट म्हणजे काय? वीज उपकरणातून न जाता अगदी कमी रोधाच्या आडवाटेने जाते. प्रवाह एकदम वाढतो आणि ठिणगी उडते. अशा वेळी फ्यूजची तार वितळून मंडल तोडते. पण आग लागण्याची आणखी एक वाट आहे आणि ती फ्यूजला दिसत नाही.

समजा, ५७५ वॅटची दोन उपकरणे एकाच जोडणीवर चालू आहेत. एकूण शक्ती ११५० वॅट. तिला २३० व्होल्टने भागले की प्रवाह ५ अँपिअर येतो. जोडणीत निर्माण होणारी उष्णता काढण्याचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे : प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. स्क्रू घट्ट असेल व जोडाचा रोध ०.०१ ओहम असेल, तर २५ × ०.०१, म्हणजे फक्त पाव वॅट. स्क्रू ढिला होऊन रोध १ ओहम झाला, तर २५ वॅट! रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने धातूची डाख वितळवतात. तेवढीच उष्णता आता प्लॅस्टिकच्या वेष्टनाजवळ रात्रंदिवस साचते.

आणि फ्यूज? रोध वाढल्यामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. म्हणून फ्यूज स्वस्थ राहतो. हा दोष शोधायला माणसाचेच डोळे लागतात. ठरावीक मुदतीने जोडण्या तपासणे, स्क्रू आवळणे, अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने तापलेली जागा हुडकणे आणि हे सारे नोंदवहीत लिहिणे, ही कामे रुग्णसेवेचाच भाग आहेत.

आता धुराचे पाहू. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. धूर प्रथम छताखाली पसरतो व मग खाली उतरू लागतो. धूरसूचक यंत्र छताला बसवतात ते यासाठीच. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. ज्वाळा दूर असतानाही माणूस गुदमरतो, तो यामुळे. शिवाय अशा विभागात बाळांना ऑक्सिजन देतात. हवेत त्याचे प्रमाण नेहमीच्या २१ टक्क्यांहून वाढले, तर ज्वलन झपाट्याने होते. आजारी मोठा माणूस निदान हाक तरी मारतो. तान्ह्या बाळाला तेही जमत नाही. त्याच्या वतीने यंत्राने हाक मारली पाहिजे, दार चटकन उघडले पाहिजे आणि बाळांना बाहेर काढण्याची रंगीत तालीम कर्मचाऱ्यांनी आधीच केलेली असली पाहिजे.

तुम्ही काय कराल? शाळेत, घरी किंवा दवाखान्यात गेल्यावर प्लगकडे पाहा. तो काळवंडला आहे का? जळका वास येतो का? एकाच जोडणीवर अनेक उपकरणे लावली आहेत का? हात मात्र लावू नका. मोठ्यांना सांगा आणि दुरुस्ती होईपर्यंत आठवण देत राहा. विजेच्या आगीवर पाणी कधीही टाकू नका, आधी मुख्य बटण बंद करायला सांगा.

चांगले रुग्णालय म्हटले की आपल्याला डॉक्टर व औषधे आठवतात. त्यांच्याबरोबर स्क्रू आवळणारा वायरमनही आठवू द्या.