शस्त्रक्रियेनंतरची वेदना : दोन औषधांची जोड

मुंबईत परळला के. ई. एम. (१९२६) व टाटा स्मारक (१९४१) ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर उभी आहेत. राज्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तेथे शस्त्रक्रियेसाठी येतात. भूल उतरल्यावर जखम ठणकू लागते, आणि "एवढे सोसायलाच हवे" असे नातेवाईकच त्यांना सांगतात. हा समज घातक आहे. पोट वा छाती दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही; कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचाही धोका असतो.

वेदना दोन ठिकाणी अडविता येते. कापलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊन तेथील मज्जातंतू हळवे बनतात. ॲस्पिरिनच्या जातीची दाहशामक औषधे ही निर्मितीच रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही याच कुळातील. अफूपासून मिळणारे मॉर्फिन मात्र मज्जारज्जू व मेंदूत काम करते आणि वेदनेचा संदेश पुढे जाऊ देत नाही.

केवळ मॉर्फिनवर भिस्त ठेवली तर मात्रा वाढते. तिच्याबरोबर मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ आणि क्वचित श्वास मंदावण्याचे संकटही. दाहशामकांच्या परिणामाला मर्यादा असते. तिच्यापुढे मात्रा वाढविली तर अपाय तेवढा वाढतो. दोन्हींची जोड दिली असता मॉर्फिनची गरज साधारण एक-तृतीयांशाने घटते, आणि रुग्ण जागा राहून खोकू व चालू शकतो. सौम्य वेदनेस अर्थात मॉर्फिन लागतच नाही.

अफूशी मुंबईचे नाते जुने आहे. १८४५ मध्ये सुरू झालेल्या भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाचे दाते जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीत चीनशी झालेल्या अफूच्या व्यापाराचाही वाटा होता. पुढे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने गैरवापराला पायबंद घातला. पण परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा वेगळा वर्ग केला. त्यानंतरच्या नियमांनुसार रुग्णालयांना राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता घेता येते. काही दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनची सवय लागण्याचा संभव अल्प असतो.

खरी काळजी दाहशामकांचीच घ्यावी लागते, कारण ती सहज मिळतात. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार वा हृदयविकार असलेल्यांना ती बाधतात. रक्तस्रावाचा धोका असेल, किंवा जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर ती देणे जोखमीचे ठरते. गावी परतलेला रुग्ण रुग्णालयाची गोळी चालू असतानाच दुकानातून दुसऱ्या नावाची गोळी आणतो. पुष्कळदा दोन्हींत औषध एकाच कुळातील असते. अशा वेळी घरी जाताना मिळालेला कागद प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. शौचास काळे होऊ लागले, लघवी कमी झाली, किंवा मॉर्फिनच्या जातीची गोळी घेणारा रुग्ण हाका मारूनही नीट जागा होत नसेल, तर पुढची मात्रा न देता त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.