वर्गात चुकलेले मूल आणि प्रेषितांची (स.) शिकवण

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पाठीमागे नमाज चालू होती. रांगेत हजरत मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) उभे होते, इस्लाममध्ये ते अजून नवखे होते. कोणीतरी शिंकले आणि त्यांनी नमाजमध्येच त्याच्यासाठी रहमतीची दुआ उच्चारली. सर्वांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. माझ्याकडे असे का पाहता, असे त्यांनी विचारताच लोक मांड्यांवर हात मारून त्यांना गप्प करू लागले. नमाज संपली. प्रेषितांनी (स.) त्यांना झिडकारले नाही, मारले नाही, अपशब्दही वापरला नाही. नमाजमध्ये माणसांचे बोलणे योग्य नव्हे; ती तस्बीह, तकबीर आणि कुरआन-पठणासाठी आहे, एवढेच समजावले. इतका उत्तम शिक्षक आपण आधी किंवा नंतर कधी पाहिला नाही, अशी साक्ष त्यांनी पुढे दिली.

सहीह मुस्लिममधील ही हदीस सांगताना आपण बहुधा इथेच थांबतो. तिचा पुढचा भाग मात्र शिक्षकांसाठी तितकाच मोलाचा आहे. त्याच निवेदनात मुआविया (रजि.) ज्योतिषांविषयी, शकुन-अपशकुनांविषयी एकामागून एक प्रश्न विचारतात. शेवटी स्वतःचाच एक अपराध सांगतात. लांडग्याने मेंढी पळवली म्हणून रागाच्या भरात त्यांनी कळप राखणाऱ्या दासीला थप्पड मारली होती. प्रेषितांनी (स.) ही गोष्ट फार गंभीर मानली आणि अखेर ती दासी मुक्त झाली.

वाचकहो, हा क्रम लक्षात घ्या. ज्याची लाज राखली गेली, त्याच्या तोंडी प्रश्न आले; आणि ज्याला प्रश्न विचारण्याचे धैर्य आले, त्याला आपली चूक कबूल करण्याचेही धैर्य आले. अपमानित झालेले मूल याच्या उलट वागते. ते चूक लपवायला शिकते. सक्तीने शिकवलेल्या मुलाचा उत्साह मावळतो आणि शिक्षेच्या भीतीने खोटेपणा त्याच्या अंगवळणी पडतो, असे इब्न खल्दून यांनी चौदाव्या शतकातच आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे.

आपल्या मकतबांत हे आचरणात कसे आणावे?

पहिली गोष्ट दुरुस्तीची. दिवसभर शाळा करून आलेले मूल ‘ऐन’च्या उच्चारावर अडखळले, तर उस्तादांनी तो उच्चार साऱ्या वर्गाकडून म्हणवून घ्यावा, त्या मुलाला नंतर जवळ बसवून शिकवावे. 

दुसरी गोष्ट नावे ठेवण्याची. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट टोपणनावांनी हाक मारण्यास मनाई आहे. ‘तोतऱ्या’, ‘ढब्बू’ अशा हाका ज्या वर्गात चालतात, तिथे ही आयत पाठ होते, पण शिकली जात नाही.

तिसरी गोष्ट भावनांची. हजरत अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मुलाची आपुलकीने चौकशी केली. हजरत याकूब (अलै.) यांचे दुःख कुरआनने लपवलेले नाही. मग उतरलेल्या चेहऱ्याने आलेल्या मुलाला सबक घेण्यापूर्वी ‘बाळा, आज काय झाले?’ असे विचारण्यात किती वेळ जातो?

चौथी गोष्ट शिक्षकाच्या रागाची. राग आला असता उभ्याने बसावे, तरीही शमला नाही तर आडवे व्हावे, अशी शिकवण अबू दाऊदमध्ये आहे. उस्ताद किंवा आपा रागाच्या क्षणी शांतपणे खाली बसल्या, तर समोरची मुले संयमाचा धडा डोळ्यांनी पाहतात.

शिक्षणाचा हक्क कायदा, 2009 यातील सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांपासून संरक्षण दिले. 2012 च्या दुरुस्तीनुसार मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यत्वे धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना तो कायदा लागू होत नाही. परंतु जिथे हा कायदा पोहोचत नाही, तिथे सुन्नत आधीच पोहोचलेली आहे. तिला सूट नाही.

पालकांनीही एक जुने वाक्य आता सोडावे. मुलाला उस्तादांच्या हवाली करताना ‘गोश्त आपका, हड्डी हमारी’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात विश्वास आहे, हे खरे. पण मूल शेजारीच उभे असते आणि ते ऐकत असते. आपले कोणीच नाही, असे त्याला त्या क्षणी वाटत असेल. त्याऐवजी म्हणावे, ‘उस्ताद, हा अल्लाहने आमच्याकडे सोपवलेला अमानत आहे, आता तुमच्याकडेही.’

अल्लाह आमच्या शिक्षकांच्या जिभेत नरमाई आणि आमच्या मुलांच्या अंतःकरणात दीनविषयी प्रेम निर्माण करो. आमीन.