व्यसन आणि मेंदूतील जनुकांचे नियमन

“महिनाभर स्पर्शही केला नाही, मग पुन्हा का?” व्यसनमुक्तीसाठी दाखल होणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न वारंवार विचारतात. मनोनिग्रहाचा अभाव, हे त्याचे प्रचलित उत्तर अपुरे आहे.

आपल्या बहुतेक सर्व पेशींत तीच जनुके असतात. त्यांपैकी कोणती केव्हा कार्यान्वित व्हावीत, याचे नियमन प्रत्येक पेशीत निराळे असते. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनांना असिटिल गट जोडले गेले की गुंडाळी सैल होते आणि तेथील जनुके अधिक सहज वाचली जातात. व्यसनामुळे बदलते ते हे वाचन. जनुकांचा मूळ मजकूर तसाच राहतो.

मेंदूतील ‘न्यूक्लियस अक्युम्बेन्स’ हा भाग सुखाच्या प्रेरणेशी निगडित आहे. मादक द्रव्यांमुळे तेथे डोपामीन वाढते. अमेरिकेतील डॉ. एरिक नेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांना प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले, की द्रव्याच्या वारंवार सेवनाने या पेशींत ‘डेल्टा-फॉस-बी’ हे प्रथिन साचत जाते. त्याच्या कुळातील इतर प्रथिने काही तासांत नष्ट होतात; हे मात्र सेवन थांबल्यावरही कित्येक आठवडे टिकते, इतर जनुकांचे नियमन बदलते आणि द्रव्याविषयीची संवेदनशीलता वाढवते.

कोलंबिया विद्यापीठातील डॉ. एरिक कँडेल (नोबेल पारितोषिक, २०००) व डॉ. डेनिस कँडेल यांच्या गटाने २०११ मध्ये आणखी एक बाब दाखवली. उंदरांना सात दिवस निकोटिन देऊन नंतर कोकेन दिले असता कोकेनचा परिणाम वाढला. निकोटिनने हिस्टोनांवरील असिटिल गट वाढवून ‘फॉस-बी’ जनुकाची वाट आधीच मोकळी केली होती. क्रम उलटा केल्यावर तसे घडले नाही. हे निष्कर्ष उंदरांपुरते असले, तरी तंबाखूला ‘किरकोळ सवय’ मानणाऱ्यांनी त्यांची दखल घ्यावी.

हे नियमन थेट पूर्ववत करणारे औषध आज प्रचलित उपचारांत नाही. मात्र समुपदेशन, योग्य औषधे आणि कुटुंबाची साथ यांनी अनेक रुग्ण व्यसनमुक्त आयुष्य जगतात. शरीराची तडफड काही दिवसांत शमते. पेशींतील ठसे पुसण्यास फार अधिक काळ लागतो. म्हणून रुग्णाचा पाय पुन्हा घसरल्यास त्याला दूषणे न देता त्वरित उपचारांकडे आणावे. रुग्णशय्येसाठी मिळणाऱ्या देणगीइतकेच, घरी परतल्यानंतरच्या दीर्घ पाठपुराव्यासाठी मिळणारे साहाय्यही मोलाचे आहे.