पार्टचं गाव विचार, मग सही कर

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात राहणाऱ्याच्या कानावर यंत्रांची भाषा आपोआप पडते. तंत्रनिकेतन इथेच, अभियांत्रिकी महाविद्यालय इथेच, आणि रेल्वे स्टेशनची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. माझी सगळी नोकरी टीव्हीच्या कारखान्यात इनवर्डला गेली. बाहेरून आलेलं प्रत्येक रीळ, प्रत्येक खोकं आमच्या टेबलावर उघडायचं. आम्ही होकार दिला की मगच ते लाइनवर जायचं. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण भिंग अजून पर्समध्ये असतं.

माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र आता ड्रोनसाठी कंट्रोल कार्ड बनवतात. परवा तो निविदेचा गठ्ठा घेऊन घरी आला. एका पानावर लिहून द्यायचं होतं की मालात चिनी पार्ट नाही. पेन काढून म्हणाला, "आत्या, इथे सही केली की झालं ना?" मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण आपल्या भागातल्या पुष्कळ पोरापोरींना पुढे हेच काम करायचं आहे.

१. मनाई कशाची आहे, ते आधी वेगळं कर

प्रश्न तीन असतात आणि नवी पोरं त्यांची खिचडी करतात. पहिला प्रश्न, बोली लावणारा कोण? गलवानमध्ये चीनशी झालेल्या चकमकीनंतर, २३ जुलै २०२० ला वित्त मंत्रालयाने आदेश काढला की ज्या देशांची जमिनीवरची सीमा आपल्याला लागून आहे, तिथल्या बोलीदाराला आधी सरकारकडे नोंदणी करावी लागेल. दुसरा प्रश्न, मालात इथलं किती? 'मेक इन इंडिया'च्या खरेदी आदेशाप्रमाणे स्थानिक वाटा ५० टक्के किंवा जास्त असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गातला, २० ते ५० च्या मध्ये असेल तर दुसऱ्या. तिसरा प्रश्न, आतला पार्ट कोणत्या देशाचा? लष्करी ड्रोनमध्ये चिनी पार्ट नको, ही अट या तिसऱ्या प्रश्नाची आहे.

तू भारतीय आहेस, माल ६० टक्के इथला आहे, म्हणजे पहिल्या दोन परीक्षा पास. पण उरलेल्या ४० टक्क्यांत एक चिनी रेडिओ मॉड्यूल असेल तर तिसरीत नापास. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराने ४०० मालवाहू ड्रोनचे तीन करार रद्द केले. रक्कम २३० कोटींच्या वर होती आणि कारण होतं चिनी पार्ट. अट कशासाठी आहे तेही मनात पक्कं ठेव. पार्ट दुसऱ्याच्या मुठीत असेल तर ड्रोनने पाहिलेलं दुसऱ्याला कळू शकतं, त्याचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि ऐन लढाईत पुरवठा तुटू शकतो. सीमेवरच्या जवानाच्या जिवाशी या अटीची गाठ आहे.

२. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस

स्थानिक वाटा काढताना खरं गणित मांड. परदेशी पार्ट इथल्या दुकानातून, इथल्या डिस्ट्रिब्युटरकडून, रुपयांत बिल करून घेतला म्हणून तो देशी होत नाही. वाहतूक, विमा, ग्राहकाकडे माल बसवून देणं, नंतरची देखभाल यांचे पैसे स्थानिक वाट्यात धरता येत नाहीत. खरेदी १० कोटींच्या वर असेल तर लेखापरीक्षकाचा दाखला लागतो. खाली असेल तर तू स्वतः लिहून द्यायचं. स्वतः लिहून द्यायचं म्हणजे सोपं, असं समजू नकोस. खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाहेर. तुझ्यासारख्या तीन माणसांच्या कारखान्याला दोन वर्षं म्हणजे कुलूपच.

वाटा कमी भरत असेल तर तसं सांग. दुसऱ्या वर्गात बसलास तरी मान राहतो. आकडा फुगवून पहिल्या वर्गात बसलास तर रात्रीची झोप जाते.

३. बीओएममध्ये गावाचा रकाना कर

कार्डाच्या बीओएममध्ये, म्हणजे पार्टच्या यादीत, पार्ट नंबर, किंमत, नग एवढंच लिहून भागत नाही. आणखी तीन रकाने आख: चिप कुठे घडली, पॅक कुठे झाली, आणि आपण कोणाकडून घेतली. कंपनीचं नाव म्हणजे पार्टचं गाव नव्हे. अमेरिकी कंपनीची आयसी चीनमध्ये पॅक झालेली असू शकते, जपानी नावाचा कॅपॅसिटर फिलिपिन्समधून आलेला असू शकतो. रिळावरच्या लेबलावर मूळ देश छापलेला असतो. तो वाच, लेबलाचा फोटो काढ आणि लॉट नंबरसकट जपून ठेव. एकच पार्ट नंबर दोन वेगळ्या लॉटमध्ये दोन वेगळ्या देशांतून येतो, म्हणून नोंद लॉटची ठेवायची.

आणि हे काम डिझाइन कागदावर असतानाच कर. पीसीबी छापून झाल्यावर चिनी पार्ट सापडला तर ट्रॅक बदला, फूटप्रिंट बदला, पुन्हा छापा, पुन्हा तपासा. आधीच सापडला तर नुसती एक ओळ खोडायची असते.

४. पैठणी उलटून बघतात, तशी आयसी उलटून बघ

आपल्याकडच्या बायका पैठणी घेताना पदर उलटा करतात. हातमागाची असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखी स्वच्छ. मशीनची असेल तर मागे धागे लोंबतात. आयसीचं तसंच आहे.

एकदा लाइन बंद पडायची वेळ आली होती, म्हणून बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून ऑडिओच्या आयसी तातडीने घेतल्या. घाई होती, मी वरवर बघून सोडल्या. तीन आठवड्यांनी सेट परत यायला लागले, आवाज फाटलेला. तेव्हा एक आयसी भिंगाखाली घेतली. वरचा पृष्ठभाग मखमलीसारखा, खालचा गुळगुळीत. एक नंबरच्या पिनेजवळची गोल खळगी अर्धी बुजलेली. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन चोळलं, तर बोळा काळा झाला आणि छापील नंबरच्या खालून दुसराच नंबर वर आला. जुन्या, फेकलेल्या कार्डावरून काढून, घासून, काळा रंग देऊन नव्या नावाने विकलेला माल होता तो. त्या दिवसाची चूक माझी होती आणि ती मी अजून विसरलेले नाही. पण तो नुसता टीव्ही होता. सेट दुरुस्तीला परत येतो, हवेतला ड्रोन परत येत नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीने तिथल्याच लष्कराच्या पुरवठ्याची चौकशी केली, तिच्या २०१२ च्या अहवालात संशयित बनावट पार्टची सुमारे १,८०० प्रकरणं निघाली. त्यांतले नग दहा लाखांच्या वर होते. ज्यांचा माग लागला त्यांतले ७० टक्क्यांहून जास्त चीनपर्यंत पोहोचले.

म्हणून प्रत्येक लॉटमधून काही नग काढ. एकाच लॉटमध्ये अक्षरांची ठेवण एकसारखी आहे का, पिनांवर दुसऱ्यांदा कल्हई केल्यासारखी चमक आहे का, डेट कोड त्या पार्टचं उत्पादन बंद झाल्यानंतरचा तर नाही ना, हे बघ. हुशार नकला अ‍ॅसिटोनलाही दाद देत नाहीत. तिथे एक्स-रे आणि विद्युत चाचणी हवी. सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे मूळ कंपनीच्या अधिकृत वितरकाकडूनच घे. स्वस्त मिळतं तिथे आधी हात आखडता घे.

५. दाखल्याचाही दाखला माग

कागद छापायला फार पैसे लागत नाहीत. २०१७ मध्ये सीबीआयने दिल्लीच्या एका पुरवठादारावर गुन्हा नोंदवला. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीला 'धनुष' तोफेसाठी जर्मन म्हणून दिलेले बेअरिंग चीनचे होते, असा आरोप होता. बोफोर्सच्या वळणावर घडलेली आपली तोफ, आणि तिच्या बेअरिंगच्या जन्माचाच प्रश्न. दाखला हातात आला की त्यावरच्या कंपनीला थेट विचार, तेही दाखल्यावरचा पत्ता न वापरता स्वतः शोधून काढलेल्या पत्त्यावर. आयातीचं बिल ऑफ एंट्री बघ. माल कोणत्या बंदरातून निघाला आणि कोणत्या देशात बनला, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या लिहिलेल्या असतात. सिंगापूरहून निघालेला माल सिंगापूरचाच असतो असं नाही.

६. एका विहिरीवर मळा भिजवू नकोस

मराठवाड्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्या वाहन उद्योगाची तारांबळ उडाली. ड्रोनच्या मोटारीतही तसलंच चुंबक असतं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पार्टला दुसऱ्या देशातला, दुसऱ्या कंपनीचा पर्याय आधीच तपासून ठेव. लष्कराचा माल पंधरा-वीस वर्षं वापरात राहतो, चिप मात्र पाच-सात वर्षांत बाजारातून जाऊ शकते. कंपनीने उत्पादन बंद करायची सूचना काढली की शेवटची खरेदी वेळेवर कर.

पर्याय घातला की चाचणी पुन्हा कर. 'तसाच तर आहे' हे वाक्य आमच्या टेबलावर चालत नव्हतं. लष्करी इलेक्ट्रॉनिक्सच्या हवामान चाचण्यांसाठी जेएसएस ५५५५५ हे मानक आहे: उष्णता, थंडी, दमट हवा, हादरे. आपल्या मे महिन्याच्या उन्हात चाललेलं कार्ड लडाखच्या जानेवारीत चालेलच असं नाही.

७. आतल्या प्रोग्रामचंही मूळ विचार

पार्ट देशी आणि आतलं फर्मवेअर कुठूनतरी उतरवून घेतलेलं, असं चालणार नाही. कोड कोणी लिहिला, अपडेट कुठल्या सर्व्हरवरून येतं, कार्ड न सांगता कोणाशी बोलतं का, हे सगळं तुला सांगता आलं पाहिजे. एप्रिल २०२५ पासून साध्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यालाही आपल्याकडे सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. ड्रोन तर उडता कॅमेरा.

८. नाही म्हटलं की हात चालायला लागतात

एवढं ऐकून भाचा हिरमुसला. म्हणाला, "मग आत्या, आपल्याकडे चिप तरी कुठे बनतात? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" प्रश्न खरा होता. मी त्याला पुण्याची गोष्ट सांगितली. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याच्या आतली प्रोसेसर चिप ब्रिटिश कंपनीची होती, पण रचना, जोडणी, प्रोग्राम आपले होते. सगळं एका दिवसात देशी होत नाही. आज जे बाहेरून घ्यावं लागतं ते विश्वासाच्या देशातून, उघड नोंद करून घ्यायचं, आणि दर वर्षी एक पार्ट इथला करायचा.

होतंही आहे. नागपूरच्या कंपनीने बनवलेल्या 'नागास्त्र-१' या घिरट्या घालून हल्ला करणाऱ्या ड्रोनची ४८० नगांची मागणी लष्कराने दिली. जून २०२४ मध्ये त्यातले १२० पोहोचले, ७५ टक्क्यांहून जास्त देशी म्हणून. तोफगोळ्यांच्या इलेक्ट्रॉनिक फ्यूजसाठी डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे विभागाशी १० वर्षांचा ५,३३६.२५ कोटींचा करार केला. तोफ उडाल्यावर तो झटका सोसून ज्याने नेमक्या क्षणी काम करायचं, ते इवलंसं सर्किट पुण्यात घडतं. मग आपल्या शहरात कार्ड का घडणार नाही?

९. सही करण्याआधीची परीक्षा

हा शेवटचा मंत्र, आणि तो रोजच्या वापराचा. सही करायच्या आदल्या संध्याकाळी तयार मालातलं कोणतंही एक कार्ड उचल. डोळे मिटून त्यावर पाच ठिकाणी बोट ठेव. त्या पाच पार्टचा लॉट, बिल, मूळ देश आणि तपासणाऱ्याची सही दहा मिनिटांत रजिस्टरमधून काढून दाखव. पाचही सापडले तर खुशाल सही कर. एक जरी अडला, तर पेन खाली ठेव आणि निविदेची तारीख जाऊ दे. निविदा पुन्हा निघते.

त्या रात्री आम्ही दोघांनी ही परीक्षा घेतली. चार पार्ट सापडले. पाचवा होता एक छोटा कनेक्टर, पिशवीत सुटा आणलेला, बिलावर देशाचं नाव नाही. भाच्याने बीओएममध्ये त्यापुढे लाल खूण केली, सकाळी दुसऱ्या पुरवठादाराला फोन लावला, आणि सहीची जागा तशीच कोरी ठेवली.