दुसऱ्याच्या सहीची गिटार

खालापूर

चि. बाळ्यास,

तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. स्टीव्ह वायच्या नावाची आयबानेझ, उचलायला अंगातच कोरलेली मूठ, फ्रेटबोर्डवर वेलबुट्टी आणि खाली दीड लाखाच्या वरची किंमत, बारा हप्त्यांत. गिटार देखणी आहे, वादच नाही. पण रसायनीला तू अजून ट्रेनी आहेस आणि क्लासात एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या बार कॉर्डपाशी अडतोयस. विचारलंस ते बरं केलंस. माझं मत सरळ सांगतो, घेऊ नकोस. पैशाचं मी नंतर बोलेन, कारण उद्या कुणी फुकट दिली तरी पहिली गिटार म्हणून मी तुला ही देणार नाही.

तिचा ब्रिज तरंगता असतो. एका बाजूने सहा तारांचा ताण, दुसऱ्या बाजूने मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांचा. दोन्ही सारखे झाले की ब्रिज सपाट राहतो. एक तार सैल केलीस की स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि उरलेल्या पाचांचे सूर चढतात. ते लावायला जावं तर पहिली पुन्हा हललेली. वर नटपाशी तारा पकडून ठेवणाऱ्या पट्ट्या आहेत, त्या पान्याने सोडल्याशिवाय खुंट्या पिळून काही होत नाही. एखाद्या गाण्यासाठी जाड तार फक्त एक सूर उतरवायची म्हटलं तरी सगळा तोल नव्याने साधायचा. वायला हे हवंच होतं. 1987 साली ही गिटार बाजारात आली तेव्हा तो डेव्हिड ली रॉथच्या बँडमध्ये वाजवत होता. ब्रिजचा दांडा दाबून तारा पार लोंबेपर्यंत सैल सोडायच्या आणि पुन्हा सुरात आणायच्या, हा त्याचा खेळ. शेवटच्या चार फ्रेटांमधलं लाकूडही त्याने खरवडून घेतलंय, तिथे तार ओढायला सोपी जावी म्हणून. तू अजून पाचव्या फ्रेटच्या पुढे गेलेला नाहीस.

बहुतेक सहीच्या, म्हणजे एखाद्या वादकाच्या नावाने काढलेल्या, गिटारींची गोष्ट अशीच आहे. बी. बी. किंग पोकळ अंगाची गिटार वाजवायचा. मोठ्या आवाजात ती शिट्ट्या मारायची म्हणून तो तिच्या भोकांत कापड कोंबायचा. 1980 साली गिब्सनने त्याच्या नावाची ‘ल्युसिल’ काढली ती भोकंच नसलेली. क्लॅप्टनच्या नावाच्या फेंडरमध्ये मधले सूर फुगवणारं सर्किट आहे, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. मालमस्टीनच्या गिटारीचा तर अख्खा फ्रेटबोर्ड खरवडलेला. त्याचं बोट तारेला जेमतेम टेकतं, म्हणून चालतं. नवशिक्या जीव खाऊन दाबतो आणि प्रत्येक सूर चढा लागतो. या माणसांना वर्षानुवर्षं वाजवून जे खुपलं, त्याची ही उत्तरं आहेत. तुझ्या हाताला काय खुपतं ते अजून तुलाच ठाऊक नाही.

आपल्याकडे सतारीलाही नावं आहेत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलास तर कारागीर विचारेल, रविशंकर पद्धतीची हवी की विलायत खाँ पद्धतीची? पहिलीत खर्जाच्या तारा असतात, दुसरीत त्या काढून टाकलेल्या. पण तिथे नाव म्हणजे बांधणीची खूण. शिकणारा गुरूच्या बाजाप्रमाणे सतार घेतो, नावासाठी कुणी वेगळे पैसे मोजत नाही. गिटारीच्या किमतीत मात्र त्या नावाचेही पैसे असतात.

आणि ज्यांच्या सह्या विकल्या जातात ते स्वतः काय घेऊन बसले होते? आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा साथीदार ब्रायन मे घे. त्याने 1963 पासून वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. तिच्या मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं आणि स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या. आता तिच्याच नकला त्याच्या नावाने विकत मिळतात, हा भाग निराळा.

तू म्हणशील, देखणी असली तर रोज हातात घेतली जाईल. खरं आहे, याला मी हसणार नाही. भिंतीवरची गिटार खुणावायलाच हवी. मग रंग मनासारखा निवड. स्क्वायर किंवा एपिफोनच्या स्वस्त सहीच्या गिटारीही येतात. त्यातली एखादी साध्या ब्रिजची असेल आणि साध्या मॉडेलपेक्षा दोन-तीन हजारांनीच महाग असेल, तर खुशाल घे. उलट टोकाला मात्र जाऊ नकोस. अगदी स्वस्तात गिटार, अँप, बॅग आणि पट्टा असा जो संच मिळतो, त्यात तारा इतक्या उंच असतात आणि फ्रेटांच्या कडा इतक्या बोचऱ्या, की दोष आपल्याच बोटांचा वाटून पोरं सोडून देतात.

मग घ्यायचं काय? यामाहाची पॅसिफिका किंवा स्क्वायरची स्ट्रॅट, पंधरा ते पंचवीस हजारांच्या आतबाहेर. दहा-पंधरा वॉटचा छोटा अँप. नऊ नंबरच्या तारांचे दोन सेट. आणि जाणत्या माणसाकडून सेटअप, म्हणजे तारांची उंची, मानेचा बाक आणि ब्रिजवरची सुरांची जुळणी. साधी गिटार नीट सेटअप केली की निम्मा फरक तिथेच भरून निघतो. अँप लावण्याआधी सॉकेटला अर्थिंग आहे की नाही ते वायरमनला दाखव. तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, यात चालढकल नको.

पावसाचंही आत्ताच सांगून ठेवतो. घाटाच्या पायथ्याला जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लाकडाची काय कथा. मान हलते, तारा खरखरू लागतात. ओल आलेल्या भिंतीला गिटार टेकवू नकोस, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पूस, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक. मानेचा बाक बदलणारा ट्रस रॉड पहिल्यांदा माझ्यासमोर फिरव. दीड लाखाच्या गिटारीला हा पाऊस वेगळा पडत नाही, फक्त तुझी झोप जास्त उडेल.

तुझ्या पुढच्या सुट्टीला मी खोपोली लोकलने कर्जतला येतो. तिथून सीएसएमटी आणि चालत धोबीतलाव. तिथलं फुर्टाडोज हे 1865 पासूनचं नाव. दुकानात विक्रेत्याला वाजवायला लावायचं नाही, त्याच्या हातात सगळ्याच गोड वाजतात. तूच बस, अँप न लावता पहिल्या फ्रेटवर तुझा तो अडलेला बार कॉर्ड धर. नंतर प्रत्येक तार शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक करून दाब, कुठे झणझणतेय का ऐक. तीन-चार गिटारी अशा बघू.

ताईकडे हप्त्यांचं मी काही बोललेलो नाही. अर्ज भरला असशील तर आधी रद्द कर, मग मला फोन कर.

तुझा,
मामा